ग्रीवाचार्यांची दोन आसने

ज्या सभागृहात एरवी सभांपेक्षा जांभयाच अधिक होत, त्या सभागृहात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. घड्याळवाल्यांची अख्खी गल्ली तेथे लोटली होती. मनगटी घड्याळे उघडणारे, टोलांची घड्याळे दुरुस्त करणारे, काचा बसवणारे, पट्टे विकणारे, सारे खुर्च्यांना खुर्च्या लावून बसले होते. डोळ्याला भिंग लावून आयुष्यभर मुंगीएवढ्या चाकांवर ओणवी राहिलेली ही माणसे दुरूनही ओळखू येत. नमस्कार न करताही ती नम्र दिसत. सर्वांच्या माना पुढे आलेल्या होत्या आणि सर्वांच्या माना दुखत होत्या.

व्यासपीठावर एक अर्धवर्तुळाकार पडदा उभारला होता आणि त्यावर घड्याळाच्या तबकडीसारखे मोठे अंक रंगवले होते. रुग्णाच्या नाकासमोर बारा, उजव्या खांद्याच्या रेषेत तीन. रुग्णाच्या कपाळाला पट्ट्याने एक लहानसा दिवा बांधला जाई. त्याने मान वळवली की प्रकाशाचा ठिपका अंकांवरून सरके आणि त्याची मान कुठवर वळते हे साऱ्या सभेला दिसे. घड्याळवाल्यांना तबकडीवर दाखवलेली कोणतीही गोष्ट खरीच वाटते, हे ज्याने हेरले होते त्याच्या बुद्धीला मात्र वंदनच करावे लागेल.

तो महापुरुष म्हणजे ग्रीवाचार्य. पांढराशुभ्र अंगरखा, मागे वळवलेले केस, आणि मुद्रेवर असे समाधान की जणू सृष्टीची मान त्यांनीच बसवून दिली होती.

"किती वर्षं दुखते?" त्यांनी काच बसवणाऱ्या एका गृहस्थाला विचारले.

"आठवत नाही, आचार्य."

"आठवेल कसं? आठवण वर जाते ती मानेतूनच ना!"

सभेने एक दीर्घ निःश्वास सोडला. एवढी साधी गोष्ट आपल्या कधीच ध्यानात कशी आली नाही, असा भाव प्रत्येकाच्या तोंडावर उमटला.

"मानेत सात मणी," आचार्य पुढे म्हणाले, "आणि प्रत्येक मण्यात अडकलेला एक क्षण. तुम्ही जगाचा काळ दुरुस्त करता. पण तुमचा स्वतःचा काळ इथे, या मण्यांत अडकून पडलाय. मी वैद्य नव्हे, बंधूंनो. मी फक्त काळ मोकळा करतो."

गृहस्थांना एका खोल, गुबगुबीत खुर्चीत बसवण्यात आले. तिचे नाव शरणासन. तिच्यात बसलेला माणूस कमरेपर्यंत बुडे, पाठीची कमान होई आणि हनुवटी पुढे येई. आचार्यांच्या व्यवस्थापकांनी मागून गृहस्थांचे खांदे धरले, म्हणजे कुणी लबाडीने धड वळवू नये! प्रामाणिकपणाची किती ही काळजी! ठिपका बारावरून निघाला, कष्टाने सरकला आणि दोनच्या अलीकडेच थबकला. हळहळ झाली. मग आचार्यांनी हनुवटीखाली एक हात, डोक्यामागे दुसरा हात घेतला, डोळे मिटले आणि एकच झटका दिला.

कट्ट!

पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी स्वतःच्याच माना धरल्या.

"उठा! मान मुक्त झाली की देहाला लोळण नको वाटते. तो ताठ बसू इच्छितो. आणा उत्थानासन!"

सरळ पाठीची, कडक लाकडी खुर्ची त्याच जागी ठेवली गेली. गृहस्थ ताठ बसले. तिच्यात दुसऱ्या कोणत्याही प्रकारे बसणे शक्यच नव्हते. दिवा फिरला. ठिपका दोन ओलांडून पुढे, अडीचच्या घरात गेला. सभागृह टाळ्यांनी दणाणले.

पुढच्या रांगेत मधोमध थोरले घड्याळजी बसले होते आणि सर्वांत आधी टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या. गल्लीत त्यांच्या शब्दाला मोल होते. गेल्या पंधरवड्यात याच दोन आसनांवर त्यांची मान मुक्त झाली होती आणि तेव्हापासून आचार्य त्यांचा उल्लेख 'आमचा चालताबोलता पुरावा' असा करीत. चालत्याबोलत्या पुराव्याचा हात मधूनमधून नकळत मानेमागे जाई आणि कुणी पाहिले की कॉलर नीट करू लागे, हे फक्त त्यांच्या पत्नीच्या लक्षात आले होते.

"पुढच्या रविवारी," आचार्यांनी हात उंचावले, "याच पुराव्याच्या धाकट्या बंधूंचं महामोचन! त्यांचा काळ मानेतून बोटांपर्यंत उतरलाय. एका झटक्याचं ते काम नव्हे. सातही मणी एकाच वेळी मोकळे करावे लागतील!"

धाकटे उठून उभे राहिले आणि सभेला अभिवादन करताना त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. अगदी मागच्या रांगेत, हाताची घडी घालून उभ्या असलेल्या थोरल्यांच्या मुलीने ते पाहिले. ती सार्वजनिक रुग्णालयात भौतिकोपचार करीत असे. माना, पाठी, गुडघे यांच्याशी तिचा दिवसभराचा संबंध. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती दोन्ही खुर्च्यांकडे पाहत होती.

थोरल्यांच्या दुकानाची एक रीत होती आणि ती गल्लीत प्रसिद्ध होती. दुरुस्त झालेले घड्याळ लगेच गिऱ्हाइकाच्या हाती जात नसे. दुकानाच्या आतल्या भिंतीशी कसोटीचे कपाट होते. तेथे ते घड्याळ आधी तबकडी वर करून ठेवले जाई, मग पालथे, मग चावी वर, मग चावी खाली. एका स्थितीत बिनचूक चालणारे घड्याळ दुसऱ्या स्थितीत मागे पडते, हे या व्यवसायातले मूलभूत ज्ञान. म्हणून प्रत्येक स्थितीतली त्याची चाल पाहिल्याखेरीज थोरले त्याला सोडत नसत. घाईत असलेल्या एका नवरदेवाला त्यांनी रिकाम्या मनगटाने लग्नाला धाडले होते. "टेबलावर चालतंय म्हणून मनगटावर चालेल, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" असे त्यालाही सुनावले होते.

अशा साक्षेपी पुरुषाने स्वतःची मान मात्र एका 'कट्ट'मध्ये पास करून टाकली होती. परमेश्वराने माणसाला बुद्धी दिली, परंतु ती दुकानातून घरी नेण्याची सक्ती केली नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी मुलगी रुग्णालयातून थेट दुकानात आली, तेव्हा धाकटे काका एका मनगटी घड्याळात स्क्रू बसवीत होते. चिमट्यातून स्क्रू निसटला. त्यांनी तो शोधला, उचलला. तो पुन्हा निसटला.

"काका, वरचं बटण लावलं नाहीत?"

"उकडतंय गं."

"एवढ्या थंडीत?"

काका हसले नाहीत. "बोटांना बटण सापडत नाही हल्ली. होईल बरं रविवारी."

"काका, इकडे बघा. त्या दिवशी मी गुडघ्यावर हातोडी मारली, तर पाय केवढा उडाला! माझ्या हातातला कप थोडक्यात वाचला. बोटं बधिर, हातातून वस्तू पडतात, जिना उतरताना तुम्ही कठडा धरता. मानेतली मज्जारज्जू दबत असेल तर तो झटका तुम्हाला अंथरुणाला खिळवील. मोठ्या डॉक्टरांना दाखवा, आधी मानेचा स्कॅन होऊ दे. झटका नंतर हवा तर मलाच द्या, गालावर."

"आणि स्कॅनमध्ये काही निघालं, तर ते म्हणणार चिरा. चिरलं आणि हात गेले, म्हणजे?" काकांनी आपली बोटे दिव्यासमोर धरली. "हे हात म्हणजे मी, पोरी. तुझे डॉक्टर घाबरवतात. आचार्य निदान हसून बोलतात."

ते उठून गेले. टेबलावर स्क्रू तसाच राहिला. थोरल्यांनी तो उचलून डबीत ठेवला आणि मुलीवर डोळे वटारले.

"त्याचं मन कशाला मोडतेस? मला गुण आला ना? तुमच्या रुग्णालयात काय मिळालं होतं मला? शेक दिलात, तो संध्याकाळपर्यंत टिकला. चोळून दिलंत, त्याने एक रात्र बरी गेली. वजन टांगून मान ताणलीत. आणि तो व्यायाम! भिंतीला टेका, हनुवटी आत घ्या, सोडा, आत घ्या, सोडा. कासवासारखा वर्षभर करत होतो मी."

"वर्षभर? चार दिवस केलात, बाबा. पाचव्या दिवशी भिंतीला नवं कॅलेंडर लावलंत आणि म्हणालात, आता जागा नाही."

"ते असू दे. आचार्यांनी जे केलं ते एका क्षणात."

"कुठल्या क्षणात? झटक्याच्या, की खुर्ची बदलण्याच्या?"

थोरल्यांनी भिंग डोळ्यावरून काढले. मुलगी उठली. गिऱ्हाइकांसाठी दुकानात एक जुना कोच होता, ज्याच्या स्प्रिंगांनी केव्हाच प्राण सोडला होता.

"बसा यात. अगदी रेलून. आता खांदे न हलवता मान उजवीकडे. काय दिसतंय?"

"लंबकाचं घड्याळ. म्हणजे त्याची कड."

"आता तुमच्या कामाच्या स्टुलावर. पाठ ताठ ठेवा. वळा."

"सबंध घड्याळ," थोरले म्हणाले आणि थांबले. "त्याच्या पलीकडचा खिडकीचा गजही." मग घाईने म्हणाले, "आचार्यांची कृपा अजून अंगात आहे, दुसरं काय!"

त्याच वेळी थोरल्यांची पत्नी चहा घेऊन आली. त्या माउलीची मान आयुष्यात कधी दुखली नव्हती. दुखायला ती कधी एका जागी बसलीच नव्हती.

"आई, जरा कोचात बस."

"बसते, पण चहा निवेल." ती बसली, वळली. "घड्याळाची कड दिसते. आता?" स्टुलावर बसली, वळली. "खिडकी दिसते की! म्हणजे मलाही गुण आला म्हणायचा. न दुखताच!"

"कुणाचीही मान अशीच वागते," मुलगी वडिलांकडे वळली. "पोक काढून बसलं की मान पुढे जाते, मणी एकमेकांवर अडून बसतात, वळायला वाव कमी. ताठ बसलं की वाव वाढतो. ती 'कट्ट' म्हणजे सांध्यातल्या पाण्यात फुटलेला बुडबुडा. हे बघा." तिने आपले बोट मोडले. "आला आवाज? माझा कुठला क्षण मोकळा झाला?"

थोरल्यांनी हातातले भिंग पुसायला घेतले.

"बाबा, तबकडी वर ठेवून दोष पाहिला आणि चावी वर ठेवून पास केलं. असं घड्याळ तुम्ही गिऱ्हाइकाला दिलं असतं?"

चहा खरोखरच निवला. मग ते कसोटीच्या कपाटापाशी गेले आणि एक घड्याळ उलटे करून ठेवले, जणू तेवढेच काम राहून गेले होते. साऱ्या गल्लीला त्यांनीच तर सांगितले होते. ज्याचा शब्द म्हणजे शिक्का, त्याला तो शिक्का परत घेणे मान वळवण्याहून कठीण जाते.

रविवारी सकाळी त्यांनी धाकट्याला दारातच गाठले. "अरे, जरा थांबू या. आधी तो स्कॅन..."

"दादा, मला तिथे नेलं कुणी? तुम्हीच. आता तुम्हीच मागे ओढता?" धाकट्यांनी चप्पल पायात सरकवली, ती दुसऱ्या प्रयत्नात पायात गेली. "माझ्याकडे दुसरा उपाय नाही."

थोरले त्याच्या मागोमाग चालू लागले.

सभागृहात त्या दिवशी खिडक्यांतही माणसे होती. धाकटे शरणासनात बुडाले होते. ठिपका दीडच्या पुढे काही केल्या सरकेना. आचार्यांनी बाह्या सरसावल्या.

"पाहा! केवढा काळ साठलाय! आता तीन झटके. पहिला उजवीकडे, दुसरा डावीकडे आणि तिसरा," त्यांनी आवाज खाली आणला, "वर." त्यांचे तळहात धाकट्यांच्या जबड्यावर गेले. धाकट्यांनी डोळे मिटले.

"थांबा!"

थोरले उभे राहिले होते. आपण इतक्या मोठ्याने ओरडू शकतो, हे त्यांनाही नव्याने कळले असावे.

"काय झालं, पुरावे?" आचार्यांनी मंद स्मित केले.

"आमच्या धंद्याची एक रीत आहे, आचार्य. घड्याळ उघडण्याआधी ते सगळ्या स्थितींत तपासतात. याला आधी लाकडी खुर्चीत बसवा. हात न लावता."

"उत्थानासन मुक्त झालेल्यांसाठी असतं, बंधू! बद्ध मानेला ते सोसत नाही."

"सोसेल. लाकूडच तर आहे."

कुणीतरी हसले. टोलांची घड्याळे दुरुस्त करणारा एक गृहस्थ, ज्याला गल्ली 'टोले' म्हणे कारण तो हळू बोलूच शकत नसे, गरजला, "मग बसवा की! होऊन जाऊ दे!"

सभेपुढे नाही म्हणता येईना. धाकटे भावाचा हात धरून लाकडी खुर्चीत बसले. दिवा फिरला. ठिपका दीड ओलांडून दोनपाशी आला. झटका नाही, 'कट्ट' नाही, मोचन नाही.

मग आचार्यांनी दोन्ही हात आकाशाकडे नेले. "पाहिलंत? माझ्या तळव्यांचा नुसता स्पर्श जबड्याला झाला, तेवढ्यानेच काळ सुटू लागला!"

टाळ्या सुरू होणार, इतक्यात थोरल्यांची पत्नी पदर सावरीत व्यासपीठावर आली. "मला नाही हो स्पर्श झालेला. आणि दुखतही नाही काही. बसू?" उत्तराची वाट न पाहता ती शरणासनात बसली. तिच्यामागून आलेल्या मुलीने धाकट्यांना बाजूला उभे करून दिवा तिला बांधला. ठिपका दोनच्या अलीकडे थांबला. ती उठली, लाकडी खुर्चीत बसली. ठिपका दोन ओलांडून गेला. "दुकानातही असंच झालं होतं," तिने सभेला प्रांजळपणे कळवले. "चहा निवला तेवढा."

आता हसणाऱ्यांची संख्या वाढली. आचार्यांच्या कपाळावर घाम आला, पण वाणी आटली नव्हती. "माताजी, हे आसन वर्षानुवर्षांच्या साधनेनं भारलेलं आहे! त्यात जो बसेल त्याची मान..."

"मग भारलेलं नसलेल्या खुर्च्यांवर करून पाहू," मुलगी म्हणाली. ती सभेकडे वळली. "तुम्ही सगळे बसलात त्या खुर्च्या तर सभागृहाच्याच. आधी पोक काढा, रेला. खांदे न हलवता उजवीकडे बघा आणि शेवटी काय दिसतं ते लक्षात ठेवा. आता ताठ बसा. पुन्हा बघा."

त्यानंतर जे दृश्य दिसले ते वर्णन करायला लेखणीला थोडे हसू आवरावे लागते. अख्खी घड्याळवाल्यांची गल्ली एकदम वाकली, एकदम वळली, एकदम ताठ झाली आणि पुन्हा वळली. शेकडो डोकी लंबकासारखी डावीउजवीकडे झुलत होती. मग एकेक आवाज उठू लागले.

"अरे, मला आता दार दिसतंय!"

"मला तुझं टक्कल दिसतंय, ते मघाशी दिसत नव्हतं!"

"आचार्य, आम्ही सगळेच मुक्त झालो की हो!" टोले गरजले, आणि सभागृहाच्या काचा हादरल्या.

मागून पट्टे विकणारा एकजण म्हणाला, "माझी मान आठवड्यात पुन्हा धरली, तर यांनी सांगितलं होतं की मी शंका घेतली म्हणून धरली. मी तर शंका घेतलीच नव्हती! आता घेतो."

"तुमची मान आपोआपही बरी वाटली असती," मुलीने त्याला सांगितले. "जुनं दुखणं चढतं, उतरतं. माणूस उपचाराला जातो तो सगळ्यांत वाईट दिवशी. त्यानंतरचा दिवस बहुधा त्याहून बरा जातो. त्यात दुपारभर कामावरून उठून इथे बसलात, कुणीतरी प्रेमानं विचारपूस केली. एवढ्यानं कुणालाही बरं वाटेल. श्रेय मात्र झटका घेऊन जातो."

आचार्यांनी, शंका हाच आठवा मणी असल्याचे शेवटचे तत्त्वज्ञान सांगितले आणि बाहेर पडण्याची तयारी केली. व्यवस्थापकांनी पुढील तारीख कळवू असे जाहीर केले. ती अद्याप कळलेली नाही. पडदा गुंडाळून नेला, दिवा नेला, लाकडी खुर्चीही नेली. शरणासन मात्र जड असल्याने तेथेच राहिले. हल्ली सभांच्या वेळी ज्यांना झोप येते, त्यांची त्यात उत्तम सोय होते.

धाकटे व्यासपीठाच्या पायरीशी उभे होते. एवढ्या हास्यकल्लोळात ते एकटे हसले नव्हते. थोरले त्यांच्यापाशी गेले.

"चल."

"कुठे, दादा?"

"तिच्याबरोबर. स्कॅनला. मी येतो." आणि थोड्या वेळाने, जमिनीकडे पाहत, "माझीही दुखते रे अजून. पहिल्या आठवड्यातच परत सुरू झाली."

धाकट्यांनी भावाकडे पाहिले, आणि जिना उतरताना कठड्याऐवजी त्याचा दंड धरला.

स्कॅनमध्ये जे दिसले त्याने डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. मज्जारज्जूला दोन मण्यांच्या मध्ये चांगलाच दाब होता. "मान जोरात पिरगाळली नाहीत ना कुठे?" त्यांनी विचारले. "थोडक्यात राहिलं," मुलगी म्हणाली. धाकट्यांनी खुर्चीचे हात आवळले. त्या पकडीत फारसे बळ नव्हते, आणि हे त्या वेळी प्रथमच त्यांनी स्वतःशी कबूल केले. शस्त्रक्रिया झाली. बोटांतल्या मुंग्या पुरत्या गेल्या नाहीत, पण बटण सापडू लागले.

इकडे गल्लीला एक नवेच वेड लागले. "मग खरा उपाय कोणता?" हा प्रश्न जो तो मुलीला विचारू लागला. ती उत्तर सांगून मोकळी झाली असती, तर गल्लीने तिलाच आचार्य केले असते. ती म्हणाली, "बाबांच्या कपाटासारखं करू." ज्यांच्या हातात बळ होते, पायात अस्थिरता नव्हती, ज्यांची नुसती जुनी मानदुखी होती, अशांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढल्या. काहींनी रोज फक्त शेक घ्यायचा, काहींनी खांद्याचे व मानेचे व्यायाम करायचे, आणि काहींनी व्यायामासोबत तिच्याकडून हातांचे हलके उपचारही घ्यायचे. मोजमाप मात्र एकाच लाकडी खुर्चीत, सकाळी एकाच वेळी. आणि मोजणार तिची आई, जिला कोण कुठल्या गटात हे ठाऊक नव्हते. कुणी सांगू लागला, तर ती कानांवर हात ठेवी. "सांगू नका, मग माझा ठिपका फितूर होईल," असे म्हणे.

त्यातून चमत्कार काही निघाला नाही. शेकवाले संध्याकाळपर्यंत प्रसन्न राहिले आणि सकाळी पुन्हा चिडचिडे झाले. व्यायामवाले आधी कुरकुरले, मग हळूहळू कुरकुर कमी झाली. हातांचे उपचार आणि व्यायाम दोन्ही घेणाऱ्यांना थोडा अधिक आराम वाटला, पण सर्वांना नव्हे. टोल्यांना कशानेच फरक पडला नाही आणि ते त्यांनी सर्वांना ऐकवले. "एवढ्याशा गल्लीवरून जगाला निकाल देऊ नका," मुलीने बजावले. "पण आपल्याला कशानं किती वाटलं, हे तरी खरं कळलं ना?"

खरे कळणे हे पुष्कळदा निराशाजनक असते. त्यात 'कट्ट' नसते, टाळ्या नसतात, आणि उठून उभे राहिल्यावर कुणी आपल्याला पुरावा म्हणत नाही. परंतु वाचकहो, उद्या तुमच्या दारी कुणी चमत्कार घेऊन आला, तर त्याला हाकलून देण्याआधी आणि त्याच्या पाया पडण्याआधीही एवढेच विचारा की चमत्काराच्या आधी आणि नंतर आणखी काय काय बदलले? ते बदललेले पूर्ववत ठेवा आणि पुन्हा पाहा. पटत नसेल, तर हे वाचता वाचता ज्या खुर्चीत बसला आहात तिच्यात रेला, मान वळवा. मग ताठ बसा, मान वळवा. तुमच्या मानेत कुठलाही काळ अडकलेला नाही. डोक्यात अडकला असेल, तर तो विचारानेच सुटेल, पिरगाळून नव्हे.

थोरल्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून दुसऱ्या खिळ्याला लावले आहे. मोकळ्या झालेल्या जागी ते रोज सकाळी पाठ टेकून उभे राहतात आणि हनुवटी आत घेतात, सोडतात. पत्नी त्यांना कासव म्हणते. ते ऐकले न ऐकलेसे करतात.

एका दुपारी धाकट्यांनी शस्त्रक्रियेनंतरचे पहिले घड्याळ पुरे केले. स्क्रू दोनदा निसटला, पण बसला. त्यांनी ते कानाशी धरले, डोळे भरून आले, आणि भावापुढे टेबलावर ठेवले.

"दादा, चालतंय."

थोरल्यांनी ते उचलले, ऐकले, मान हलवली. मग उठून कसोटीच्या कपाटापाशी गेले आणि तबकडी वर करून खाचेत ठेवले.

"झालं ना? देऊ गिऱ्हाइकाला?"

"थांब. अजून पालथं ठेवून पाहायचंय."